टॅमोक्सिफेन चालू असताना कर्क्युमिनची कॅप्सूल द्यावी का?

वसमत तालुक्यातील एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्याच्या आईचे वय ४६ वर्षे आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पूर्ण झाली असून आता डॉक्टरांनी टॅमोक्सिफेनची २० मिलिग्रॅमची गोळी रोज एक याप्रमाणे पुढील काही वर्षे घ्यायला सांगितली आहे. पुण्याच्या मावसभावाने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतील पिवळ्या द्रव्याच्या, कॅप्सूलची डबी पाठवली आहे. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिन आणि सोबत मिऱ्याचा अर्क. घरी हळदीचे पीक आहे. मुलगा बी.एस्सी. झालेला असल्यामुळे त्याने वाचनही केले आहे, आणि कर्क्युमिन हे एनएफ-कप्पा-बी, एकेटी, स्टॅट-३ असे पेशीतील कितीतरी संकेतमार्ग बंद करते हे त्याला ठाऊक आहे. त्यामुळे तो विचारतो की एवढे मार्ग एकदम बंद करणारी वस्तू आमच्या वावरात पिकत असताना डॉक्टर ती लिहून का देत नाहीत, पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्यांनी ती बाजूला सारली आहे का, आणि आईला ही कॅप्सूल द्यावी की घरच्या हळदीचा काढा द्यावा. घरच्या हळदीतील कर्क्युमिनची टक्केवारी तपासून घ्यावी का, हेही त्याने शेवटी विचारले आहे.

उत्तर आधी देतो. कॅप्सूल सुरू करू नका, सुरू केली असेल तर थांबवा. स्वयंपाकातील हळद आजवर होती तशीच राहू द्या. टॅमोक्सिफेनचा एकही दिवस चुकवू नका. कारणे सांगायला मात्र जागा लागेल, कारण तुम्ही जे वाचले आहे ते खोटे नाही. फक्त ते जिथे घडते ती जागा आईंचे शरीर नव्हे.

मी औषधशास्त्राचा माणूस आहे. सुरुवातीची नऊ वर्षे मी वनस्पतींतील द्रव्यांचा पेशींच्या संकेतांवर काय परिणाम होतो याच कामात घालवली आणि त्यानंतरची वीसेक वर्षे मराठवाड्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवले. या काळात रुग्णांनी आणलेल्या पिशव्या टेबलावर रिकाम्या करून त्यातील कोणते औषध कोणत्या औषधाला आडवे जाते हे पाहण्याचे काम बरेच झाले. तेव्हा तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही टोकांशी माझा संबंध आलेला आहे.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. एखादे द्रव्य काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींच्या संकेतमार्गावर परिणाम करते का, हा एक प्रश्न. आणि ते द्रव्य माणसाने गिळल्यावर योग्य जागी, पुरेशा प्रमाणात, पुरेसा वेळ पोहोचते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले की दुसऱ्याचेही आलेच, असे आपण नकळत धरून चालतो. शिवाय आईंना रोज जी गोळी चालू आहे तीही संकेतमार्ग बंद करणारीच आहे, ही गोष्ट तुमच्या प्रश्नातून सुटून गेली आहे. इस्ट्रोजेन हे संप्रेरक पेशीतील एका ग्राही प्रथिनाला जाऊन चिकटते आणि पेशीला वाढण्याचा निरोप देते. स्तनाच्या पेशीत टॅमोक्सिफेन त्याच प्रथिनात जाऊन बसते आणि निरोप अडवते. म्हणजे आईंवर संकेतमार्गाचा उपचार सुरूच आहे. आता खरा प्रश्न एवढाच उरतो की कॅप्सूल त्या उपचाराला हातभार लावेल की त्याच्या पायात येईल.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. गाठीच्या तपासणीत इस्ट्रोजेनचे ग्राही सापडले म्हणूनच टॅमोक्सिफेन दिले असणार, असे मी गृहीत धरतो. फाइलमधील अहवालात ‘ईआर’ या अक्षरांपुढे काय लिहिले आहे ते पाहून घ्या. आईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पित्ताशयात खडे आहेत का, यकृताच्या तपासण्या कशा आहेत, यावर उत्तराची धार कमीअधिक होते. टॅमोक्सिफेनमुळे अंगातून वाफा निघतात, झोप जाते, मन उदास होते, आणि त्यासाठी कोणी पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन ही गोळी दिली असेल तर तीही कर्करोगतज्ज्ञांना सांगायलाच हवी. त्याचे कारण पुढे येईल.

संकेतमार्ग म्हणजे काय, हे तुमच्या भागातील माणसाला पाटाच्या पाण्यावरून चांगले समजते. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यातून वितरिका निघते, वितरिकेतून चारी, चारीतून शेताचा दांड, आणि प्रत्येक ठिकाणी एक दार असते. पेशीच्या बाहेरून आलेला निरोपही असाच एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत जातो. ही दारे म्हणजे बहुतेक वेळा कायनेज नावाची विकरे (एन्झाइम) असतात. एक कायनेज पुढच्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक कण चिकटवते आणि त्या खुणेने ते प्रथिन उघडते किंवा मिटते. तुम्ही उल्लेख केलेले एनएफ-कप्पा-बी हे १९८६ साली सापडलेले प्रथिन घ्या. एरवी त्याला दुसऱ्या एका प्रथिनाने केंद्रकाबाहेर धरून ठेवलेले असते. सूज आणणारा निरोप आला की एक कायनेज त्या पहारेकऱ्यावर फॉस्फेटची खूण करते, पेशी खूण झालेल्या पहारेकऱ्याची विल्हेवाट लावते आणि मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात जाऊन शेकडो जनुके चालू करते. अनेक कर्करोगांत हे दार सतत उघडे राहिलेले आढळते, हे खरे आहे. पण ते दार शरीराला जंतूंशी लढण्यासाठीही लागते. सगळ्या शिवारातील सगळी दारे एकदम पाडली तर फक्त तण वाळत नाही, पीकही वाळते. म्हणून एखादे द्रव्य वीस मार्ग बंद करते असे वाचले की मला आनंद होण्याऐवजी शंका येते.

ही शंका मी स्वतःच्या अंगावरून शिकलो आहे. संशोधनाच्या तिसऱ्या वर्षी मी कर्क्युमिनवर काम करत होतो. पेशीतील ऑक्सिडेशन वाढले की हिरवा चमकणारा एक रंग असतो. तो पेशींत सोडायचा, मग द्रव्य घालायचे आणि किती चमक येते ते मोजायचे. माझ्या पेशी झगझगीत हिरव्या दिसत होत्या, आणि जितके कर्क्युमिन जास्त तितकी चमक जास्त. पाच महिने मी आलेख काढत बसलो. एके दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंनी सहज विचारले की रंग न घालता फक्त कर्क्युमिन घातलेले खळगे कुठे आहेत. ते मी कधी ठेवलेच नव्हते. संध्याकाळी ठेवले, आणि रंगाचा थेंबही नसलेल्या त्या पेशी तशाच हिरव्या चमकल्या. कर्क्युमिन स्वतःच चमकते आणि पेशीच्या स्निग्ध आवरणात शिरले की आणखी चमकते. मी पाच महिने पेशीचे ऑक्सिडेशन नव्हे, हळदीचा रंग मोजत होतो.

रंग हा एकच घोटाळा असता तर तो टाळता आला असता. कर्क्युमिन प्रथिनांतील गंधकयुक्त जागांशी थेट अभिक्रिया करते, धातूंना धरून ठेवते, पाण्यात त्याचे गोळे बनतात आणि त्या गोळ्यांना कोणतेही प्रथिन चिकटते, शिवाय पेशीचे आवरणही ते ढिले करते. त्यामुळे चाचणी कोणतीही लावा, तिचा निकाल बहुधा ‘परिणाम आहे’ असाच येतो. अशा द्रव्यांची औषधरसायनशास्त्रज्ञांनी वेगळी यादीच केली आहे, कारण प्रत्येक चाचणीत होकार देणारा रेणू कोणत्याच चाचणीबद्दल फारसे काही सांगत नसतो. त्यातच कर्क्युमिन टिकाऊ नाही. शरीराच्या तापमानाला, रक्ताएवढ्याच आम्लतेच्या पण रक्तद्रव नसलेल्या द्रावणात ते अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडते. रक्तद्रव असेल तर थोडे जास्त टिकते. सकाळी घातलेल्या द्रव्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी मोजताना आपण कर्क्युमिनचा मोजतो की त्याच्या तुकड्यांचा, हे पाहावे लागते, आणि ते सगळेच पाहतात असे नाही.

आता मात्रेचा हिशेब करू, कारण माझ्या मते सगळा प्रश्न इथेच सुटतो. ताटलीतील प्रयोगांत कर्क्युमिन बहुधा १० ते ५० मायक्रोमोलर या प्रमाणात वापरतात. २० मायक्रोमोलर म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ७.४ मिलिग्रॅम. माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरले तर ३७ मिलिग्रॅम पुरावेत. हळदीत सुमारे तीन टक्के कर्क्युमिन धरले तर एका चहाच्या चमच्यात, म्हणजे तीन ग्रॅम हळदीत, ९० मिलिग्रॅम झाले. कागदावर एक चमचा हळद पुरून उरते! पण आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते, आणि जे शोषले जाते त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच दुसऱ्या रेणूंशी जोडून बाहेरचा रस्ता दाखवतात. तैवानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना रोज आठ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले, तेव्हा रक्तातील सर्वाधिक प्रमाण सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपास गेले आणि काही तासांत उतरले. २००६ सालच्या एका अमेरिकन चाचणीत तर निरोगी माणसांना एका वेळी आठ ग्रॅमपर्यंत देऊनही रक्तात ते सापडले नाही. आठ ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे तीन टक्क्यांच्या हळदीची पावशेराहून जास्त पूड, रोज. तुमच्याकडच्या कॅप्सूल मोजल्या तर रोज सतरा. एवढे करूनही ताटलीतील प्रमाणाचा दहावा हिस्साच जेमतेम गाठला जातो.

यावर ‘म्हणूनच त्यात मिरे घातले आहेत’ असे तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. बंगळुरूमध्ये झालेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिऱ्यातील तिखट द्रव्य, दिल्यावर रक्तात पोहोचणारे कर्क्युमिन वीस पटींनी वाढले. ‘२००० टक्के’ हा डब्यांवर छापला जाणारा आकडा तिथलाच आहे. पण जवळपास शून्याला वीसने गुणले तरी हाती फारसे येत नाही, हे डबीवर लिहिलेले नसते. आणि मिरे हे काम करते कसे, तर आतड्यातील व यकृतातील जी विकरे बाहेरची द्रव्ये मोडून काढतात त्यांना अडवून. त्या विकरांना कर्क्युमिन कोणते आणि डॉक्टरांची गोळी कोणती हे कळत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, आईंच्या बाबतीत ती सर्वांत महत्त्वाची आहे.

मग निसर्गातील द्रव्यांतून संकेतमार्गावरची औषधे होतच नाहीत का? भरपूर होतात, आणि त्यांच्या कहाण्या पाहिल्या की कर्क्युमिन कुठे अडले तेही दिसते. अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील मेंढपाळांना विसाव्या शतकाच्या मध्याला एक विचित्र अनुभव येऊ लागला. काही कोकरे कपाळाच्या मधोमध एकच डोळा घेऊन जन्माला येत. त्यांच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी कळपांसोबत राहून शोध घेतला, तेव्हा डोंगरावर उगवणारी एक रानलिली गाभण मेंढीने गर्भाच्या चौदाव्या दिवशी खाल्ली तर असे होते हे निष्पन्न झाले. त्या वनस्पतीतील द्रव्याला एकाक्ष राक्षसाच्या ग्रीक नावावरून सायक्लोपामिन म्हणतात. ते कोणत्या दारावर बसते हे कळायला पुढे कित्येक दशके गेली. गर्भाचा चेहरा दोन भागांत विभागण्याचा निरोप देणारा हेजहॉग नावाचा संकेतमार्ग आहे, त्यातील स्मूदन्ड या एका प्रथिनावर ते बसते. तोच मार्ग त्वचेच्या एका कर्करोगात अकारण चालू राहतो. मग त्याच प्रथिनावर नेमके बसणारे पण कारखान्यात घडवलेले विस्मोडेगिब हे औषध तयार झाले आणि २०१२ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. रानलिलीने दार दाखवले, पण रुग्णाला रानलिलीचा काढा कोणी देत नाही. आपल्याकडच्या धनगरांनाही कोणता पाला गाभण मेंढीला चालत नाही हे पक्के ठाऊक असते. ते कोणी लिहून घेतले आहे का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. असो.

दुसरी कहाणी तुमच्या आईंच्या आजाराशी थेट जोडलेली आहे. १९६४ साली कॅनडाची एक तुकडी ईस्टर बेटावर गेली आणि तेथील मातीचे नमुने घेऊन आली. त्या बेटाचे स्थानिक नाव रापा नुई. मॉन्ट्रियलच्या एका औषधकंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञांनी त्या मातीतील एका जिवाणूपासून बुरशी मारणारे द्रव्य वेगळे केले आणि त्याचे नाव रापामायसिन ठेवले. बुरशीवर ते चालले, पण ते शरीराची प्रतिकारशक्ती दाबते असे दिसले आणि कंपनीचा रस संपला. प्रयोगशाळा बंद करून स्थलांतर करायचे ठरले तेव्हा सेहगलांनी त्यातील काही साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. प्रतिकारशक्ती दाबणे हाच गुण पुढे मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांसाठी कामी आला आणि १९९९ साली त्याला परवानगी मिळाली. ते ज्या कायनेजला अडवते त्याला त्याच्याच नावावरून एमटॉर म्हणतात. अन्न भरपूर आहे, आता वाढा, असा निरोप पेशीला देणारे हे दार. रापामायसिनमध्ये थोडा रासायनिक बदल करून एव्हेरोलिमस झाले, आणि इस्ट्रोजेनचे ग्राही असलेला स्तनाचा कर्करोग पसरला असेल तर काही रुग्णांत दुसऱ्या गोळीसोबत ते देण्यास २०१२ साली मान्यता मिळाली. त्याची मात्रा रोज १० मिलिग्रॅम. आठ ग्रॅम आणि दहा मिलिग्रॅम हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. आणि एवढ्याशा मात्रेतही तोंड येते, साखर वाढते, जंतुसंसर्ग होतो. शिवाय एमटॉरचे दार लावले की मागच्या बाजूला पाणी तुंबते आणि एकेटीचे दार आणखी उघडते, म्हणून पेशी काही काळाने वाट काढतात. नेमके औषधही असे वागते, तर नेम नसलेल्या द्रव्याचे काय सांगावे.

स्टॉरोस्पोरिन हे जिवाणूजन्य द्रव्य १९७७ साली सापडले. ते जवळजवळ प्रत्येक कायनेजला अडवते. तुमच्या तर्काने ते सर्वांत मोठे औषध व्हायला हवे होते. प्रत्यक्षात ते पेशी मारण्याचे प्रयोगशाळेतील साधन म्हणून बाटलीतच राहिले, आणि त्याच्या रेणूला एक जोड देऊन बनवलेले मिडोस्टॉरिन २०१७ साली रक्ताच्या एका कर्करोगासाठी, तेही विशिष्ट जनुकीय दोष असलेल्या रुग्णांपुरते, औषध झाले. आपल्या मुंबईतही हे काम झाले आहे. हेक्स्ट कंपनीच्या भारतातील प्रयोगशाळेने माईनमुळातून फोर्स्कोलिन काढले. पेशीत निरोप पुढे नेणाऱ्या एका रेणूचे प्रमाण वाढवण्यासाठी ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. तिथेच सह्याद्रीतील एका झाडातील रोहितुकिनवरून फ्लेव्होपिरिडॉल घडवले गेले. पेशीविभाजनाचे घड्याळ चालवणाऱ्या कायनेजना अडवणारे आणि माणसांवरील चाचणीपर्यंत पोहोचलेले ते पहिले द्रव्य. ते स्वतः मागे पडले, पण त्याच कुळातील कायनेजवर नेमके बसणारे पाल्बोसिक्लिब २०१५ साली इस्ट्रोजेन-ग्राही असलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी आले. पूर्ण कृत्रिम.

पेटंटच्या शंकेबद्दल थोडक्यात सांगतो. हळदीने जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुराव्यादाखल मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण म्हणून कर्क्युमिन कोणी दुर्लक्षिले असे नाही. नवीन मिश्रण, बदललेला रेणू, शोषण वाढवण्याची युक्ती, यांवर पेटंट मिळते, आणि तुमच्या हातातील डबी हाच त्याच्या बाजारपेठेचा पुरावा आहे. २०१७ साली औषधरसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार तोवर कर्क्युमिनच्या १२० हून अधिक चाचण्या माणसांवर झाल्या होत्या आणि रुग्ण व डॉक्टर दोघांनाही औषध कोणते हे ठाऊक नसलेली एकही तुलनात्मक चाचणी यशस्वी झाली नव्हती. एवढी संधी फार थोड्या द्रव्यांना मिळाली आहे. त्यातच अमेरिकेतील एका नावाजलेल्या प्रयोगशाळेचे या विषयावरील बरेच शोधनिबंध चित्रांतील फेरफारांमुळे मागे घ्यावे लागले. तुम्ही जे वाचले त्यातील काही भाग त्या निबंधांवर उभा असण्याची शक्यता आहे.

आता आईंकडे येतो. टॅमोक्सिफेन गिळल्यावर ते जसेच्या तसे फारसे काम करत नाही. यकृतातील विकरे त्याचे एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर करतात आणि हे एन्डॉक्सिफेन इस्ट्रोजेनच्या ग्राहीला कित्येक पटींनी घट्ट धरते. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिनबद्दल वर लिहिले ते याचसाठी. त्या गोळ्या याच रूपांतरातील एका विकराला अडवतात. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे टॅमोक्सिफेन घेणाऱ्या सोळा स्त्रियांवर एक चाचणी झाली आणि ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांना १२०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिवसातून तीन वेळा, कधी नुसते आणि कधी दर वेळी १० मिलिग्रॅम पायपेरिनसह दिले. नुसत्या कर्क्युमिनने रक्तातील एन्डॉक्सिफेन सरासरी ७.७ टक्क्यांनी घटले, पायपेरिनसह १२.४ टक्क्यांनी. सरासरी घट मोठी नाही, हे मान्य. परंतु काही स्त्रियांचे यकृत जन्मतःच हे रूपांतर कमी करते आणि त्यांचे एन्डॉक्सिफेन आधीच काठावर असते; त्यांना बारा टक्के म्हणजे परिणामकारक पातळीच्या खाली घसरणे. आई त्यांपैकी आहेत की नाहीत हे आपल्याला माहीत नाही, आणि कॅप्सूलमुळे फायदा होतो असा पुरावा दुसऱ्या पारड्यात नाही. मग हा जुगार कशासाठी?

हा काल्पनिक धोका नाही याची आणखी दोन उदाहरणे आहेत. बोर्टेझोमिब या कर्करोगावरील औषधाला ग्रीन टीमधील इजीसीजी हे द्रव्य थेट चिकटते आणि निकामी करते, असे २००९ साली दिसून आले. तेही ‘कर्करोगविरोधी’ म्हणून गाजलेलेच द्रव्य. २००२ साली उंदरांवरील प्रयोगात आहारातून दिलेल्या कर्क्युमिनने सायक्लोफॉस्फामाइड या केमोथेरपीच्या औषधाचा स्तनाच्या गाठीवरील परिणाम कमी केला होता. शिवाय हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना इटली व अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातील काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्क होता. अशी माणसे थोडी असतात. पण मी ओपीडीत पाहिलेले एक गृहस्थ मला आठवतात. डोळे पिवळे झालेले. पिशवीतून सहा औषधे काढून ठेवली, सातवी डबी खिशातच. विचारल्यावर म्हणाले, ‘ते औषध थोडंच आहे साहेब, हळदच आहे ती.’ ती बंद केल्यावर महिनाभरात रक्त पूर्वपदावर आले. डॉक्टरांनी यादी विचारली होती, त्यांनी यादी सांगितली होती, आणि ती डबी कोणाच्याच यादीत नव्हती.

घरच्या हळदीचा प्रश्न वेगळा आहे. वरणाला, भाजीला, फोडणीला माणशी दिवसाला दोन-अडीच ग्रॅम हळद जाते, त्यातून ६० ते ७५ मिलिग्रॅम कर्क्युमिन पोटात जाते आणि रक्तात जवळजवळ काहीच पोहोचत नाही. त्यामुळे औषध म्हणून ती निरुपयोगी आणि अन्न म्हणून निर्धोक आहे. रात्री अर्धा चमचा हळद घालून दूध घेतल्याने आईंना बरे वाटत असेल तर घेऊ द्या. काढा मात्र नको. तो आटवताना दोन चमचे, तीन चमचे, वर मिरपूड, वर आणखी कोणी सांगितलेली गुळवेल, असा वाढत जातो; आणि गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवले आहेत. सोयाबीनबद्दलही लातूर-परभणीकडची मंडळी विचारतात म्हणून सांगून ठेवतो. त्यातील जेनिस्टिन हे कायनेजला अडवते आणि इस्ट्रोजेनच्या ग्राहीलाही चिकटते. जेवणातील सोयाबीनला हरकत नाही, जेनिस्टिनच्या गोळ्या टॅमोक्सिफेनसोबत नकोत.

वापरायची ती हळद तुमच्याच घरची वापरा, हे मात्र आवर्जून सांगतो. शिजवून, वाळवून, ढोलात घोळून झाली की पॉलिशच्या वेळी हळकुंडांना रंग यावा म्हणून काही ठिकाणी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे पिवळे संयुग, लावले जाते. बांगलादेशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा प्रकार अनेक जिल्ह्यांत आढळला. पॉलिश न केलेली हळकुंडे घरातच फोडून दळून घेतली की हा प्रश्न उरत नाही. रंग जरा मळकट दिसेल, दिसू द्या. कर्क्युमिनची टक्केवारी तपासून घ्यावी का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. वसमतच्या मोंढ्यात अर्क काढणाऱ्यांसाठी खरेदी करणारा व्यापारी असेल तर जरूर तपासा, भावात फरक पडेल. आईंच्या ताटासाठी तीन टक्के आणि पाच टक्के यांत काही फरक नाही.

पुढच्या तपासणीला जाताना कॅप्सूलची डबी सोबत न्या, नुसते नाव सांगू नका. लेबलवर पायपेरिन किती मिलिग्रॅम आहे ते डॉक्टरांना वाचू द्या. आईंनी ती आधी किती दिवस घेतली हे तारखेसह सांगा आणि यकृताची तपासणी करावी का, एवढे विचारा. टॅमोक्सिफेनमुळे वाफा, अंगदुखी किंवा उदासी यांपैकी काय त्रास होतो तेही त्याच वेळी बोला, कारण कॅप्सूलच्या मागे बहुतेक वेळा असाच एखादा न बोललेला त्रास असतो आणि त्यावर चालणारी, या गोळीला आडवी न जाणारी औषधे उपलब्ध आहेत. मावसभावाला फोन करून डबी परत जाते का तेवढे पाहा.